खो-खोच्या मैदानावरची साखर : प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

१५ जून २०२४

आज शाळा सुरू झाली आणि आजपासूनच या नोंदींना आरंभ करीत आहे. माझी मुलगी पंधरा वर्षांची असून बाराव्या वर्षी तिला टाइप १ मधुमेह असल्याचे निदान झाले. तिचे स्वादुपिंड इन्सुलिन तयार करीत नाही. त्यामुळे रात्री नऊ वाजता दीर्घकाळ चालणाऱ्या ग्लार्जिनची १८ युनिटे आणि प्रत्येक खाण्याआधी जलद काम करणाऱ्या अस्पार्टची मात्रा, अशी दिवसाला चार ते पाच इंजेक्शने ती स्वतःच घेते. खाण्यातील १२ ग्रॅम कर्बोदकांमागे एक युनिट, आणि वाढलेली साखर साधारण ५० ने उतरवण्यासाठी एक युनिट, असे तिचे सध्याचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिलेले आहे. पुढे जे जे आकडे येतील ते सर्व रक्तातील साखरेचे, दर डेसिलिटरला मिलिग्रॅम या मापातील आहेत.

ती सहावीपासून खो-खो खेळते. मार्च महिन्यात सरावात एक खो बसल्यावर उठून धावली आणि परत चौकोनात बसताना उलट्या दिशेला तोंड करून बसली. खो-खोत शेजारचे दोन गडी एकमेकांच्या विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि ही गोष्ट तिला झोपेतही चुकणार नाही, म्हणून सरांना लगेच संशय आला. तपासली तेव्हा साखर ४८ होती. ग्लुकोज दिल्यावर ती वीस मिनिटांत सावरली, पण त्या दिवसापासून शाळेत आणि आमच्या घरातही “आता खेळ पुरे” असे बोलणे सुरू झाले. त्या बोलण्यात माझाही आवाज होता, हे इथे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. स्नायू आणि इन्सुलिन यांचा संबंध मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढला आहे, आणि तरीही माझ्याच मुलीची साखर कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कशामुळे उतरते हे मला सांगता येत नव्हते. खेळ बंद करण्याआधी ते समजून घेणे हे माझे कर्तव्य आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तालुका स्पर्धा आहे, तोपर्यंतची ही मुदत. सरावाआधी, सरावाच्या मध्यावर, सराव संपल्यावर, झोपताना आणि रात्री अडीच वाजता अशा पाच वेळा साखर तपासायची. त्याशेजारी शेवटची मात्रा किती वाजता आणि किती युनिटे घेतली, काय खाल्ले आणि सराव कोणत्या प्रकारचा होता, हे लिहायचे. त्यासाठी दोनशे पानी वही आणली आहे.

१९ जून

पहिला सराव. प्रारंभी १५५, मध्यावर ९२, शेवटी ७४. सर म्हणाले, “मॅडम, आज फक्त मैदानाच्या फेऱ्या झाल्या, खेळ झालाच नाही.” खेळ न होताही साखर ८१ ने उतरली.

२४ जून

पाच वाजता १६८, आणि पाच पस्तीसला ६२. दहा मिनिटे बाजूला बसवून १५ ग्रॅम ग्लुकोज दिले.

आज वहीतील दोन्ही दिवस शेजारी ठेवून पाहिल्यावर मला जे दिसले ते इतके उघड होते की ते आधी का दिसले नाही याचे दुःख झाले. शाळा सव्वाचारला सुटते. साडेचारला ती दीड पोळी, भाजी आणि पेलाभर दूध घेते. ती कर्बोदके साधारण ४८ ग्रॅम होतात आणि त्यांच्यासाठी नियमाप्रमाणे ४ युनिटे. अस्पार्टचा जोर टोचल्यानंतर एक ते दोन तासांच्या दरम्यान सर्वाधिक असतो, म्हणजे साडेपाच ते साडेसहा, आणि सराव आहे पाच ते साडेसहा. इन्सुलिनचा भर आणि पळण्याचा भर आम्ही रोज, न चुकता, एकमेकांवर आणून ठेवत होतो.

स्नायू आकुंचन पावू लागला की त्याच्या पेशींतील ग्लुट-४ ही ग्लुकोज वाहून नेणारी प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि रक्तातील साखर आत घेऊ लागतात. या वाटेला इन्सुलिनची गरज नसते. मधुमेह नसलेल्या मुलीच्या शरीरात त्याच वेळी स्वादुपिंड इन्सुलिन कमी करते, साखर वाढवणारे ग्लुकॅगॉन हे संप्रेरक वाढवते, आणि यकृत स्नायूंना हवी तेवढी साखर रक्तात सोडत राहते, म्हणून तासभर पळूनही तिची साखर जागची फारशी हलत नाही. माझ्या मुलीच्या शरीरात टोचलेले इन्सुलिन मात्र परत घेता येत नाही. उलट अंग तापून रक्ताभिसरण वाढले की ते त्वचेखालून अधिक वेगाने रक्तात उतरते, आणि इन्सुलिन भरपूर असेपर्यंत यकृताचा हात आखडलेला राहतो. स्नायू दोन्ही वाटांनी साखर ओढतात आणि भर घालणारा कोणी नसतो. स्वतः मधुमेही असलेले लंडनचे डॉक्टर आर. डी. लॉरेन्स यांनी इन्सुलिनचा परिणाम व्यायामाने वाढतो हे निरीक्षण १९२६ सालीच प्रसिद्ध केले होते. इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला टोचले गेले ते जानेवारी १९२२ मध्ये, म्हणजे त्यानंतर अवघ्या चार वर्षांत ही गोष्ट लिहिली गेली होती.

२६ जून

वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाऊण तास दिला. सराव सुरू करतानाच्या साखरेबद्दल त्यांनी सांगितलेल्या मर्यादा तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१७ साली मांडलेल्या मार्गदर्शनाशी जुळणाऱ्या आहेत. साखर ९० च्या खाली असेल तर आधी १० ते २० ग्रॅम ग्लुकोज घ्यावे आणि साखर ९० च्या वर आल्याशिवाय मैदानात उतरू नये. ९० ते १२५ च्या दरम्यान असेल तर १० ग्रॅम घेऊन सुरुवात करावी. १२६ ते १८० ही पळण्यासाठी सर्वांत सोयीची स्थिती. १८० ते २७० असतानाही पळायला हरकत नाही. आणि २७० च्या वर असेल तर कारण शोधावे व किटोन (इन्सुलिन अपुरे पडले की चरबी जळून तयार होणारी आम्ले) तपासल्याशिवाय अंगाला ताण देऊ नये. दुसऱ्याची मदत घ्यावी लागेल इतकी साखर गेल्या चोवीस तासांत उतरली असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, मग स्पर्धा असली तरी नाही. साखर एकदा तशी उतरली की पुढच्या वेळची धोक्याची सूचना क्षीण मिळते, हे त्यामागचे कारण.

कापडी पिशवीत काय असावे हेही ठरले. ग्लुकोमीटर, पट्ट्या, बोट टोचायची सुई, पंधरा-पंधरा ग्रॅम ग्लुकोजच्या चार पुड्या, पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा. चिक्की काढून टाकली, कारण शेंगदाण्यातील स्निग्धांशामुळे तिची साखर रक्तात उशिरा पोहोचते, आणि उतरलेल्या साखरेला उशीर चालत नाही. साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि अजूनही ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढेच घ्यायचे. घरच्या काट्यावर ग्लुकोजच्या पुडीचा सपाट चमचा सुमारे ५ ग्रॅम भरला. संघातील दोन मुलींना आणि सरांना समोर बसवून एक गोष्ट तीनदा सांगितली : ती शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, पाणीसुद्धा नाही, तिला कुशीवर वळवायचे आणि तत्काळ दवाखान्यात न्यायचे.

३० जून

रविवारचा सराव सकाळी साडेसहाला, काहीही न खाता. प्रारंभी १२६, मध्यावर १४९, शेवटी १७८.

तीच मुलगी, तेच मैदान, त्याच फेऱ्या, आणि साखर ५२ ने वर. आदल्या जेवणाचे अस्पार्ट रात्रीतच संपलेले असते, अंगात फक्त ग्लार्जिनचा संथ प्रवाह असतो आणि पहाटेच्या संप्रेरकांमुळे यकृत साखर सोडण्याच्या तयारीत असते. या एका सकाळच्या नोंदीने माझ्या मनातील भीतीचे स्वरूप बदलले. साखर खेळामुळे उतरत होती असे मी समजत होते. ती खेळाच्या वेळी अंगात असलेल्या इन्सुलिनमुळे उतरत होती.

५ जुलै

साडेचारच्या खाण्यासाठी ४ ऐवजी २ युनिटे. मध्यम ताणाचा तासाभराचा व्यायाम असेल तर आधीच्या खाण्याची मात्रा निम्म्याहूनही अधिक कमी करावी लागू शकते, पण डॉक्टरांनी निम्म्यापासून सुरुवात करायला सांगितली. प्रारंभी १८४, मध्यावर १४१, शेवटी १०८. एकदाही थांबावे लागले नाही.

आणखी एक दुरुस्ती केली. शाळेत सोयीचे पडते म्हणून ती मांडीत टोचून घेत होती. पळताना ज्या स्नायूंचा सर्वाधिक वापर होतो त्यांच्यावरच्या त्वचेतून इन्सुलिन लवकर शोषले जाते, म्हणून सरावाच्या दिवशी पोटावर घ्यायचे ठरले.

१० जुलै

मात्रा निम्मी घेतली आणि पाच वाजता असा पाऊस कोसळला की सराव रद्द झाला. सात वाजता साखर २५२. आषाढात आमच्या कृष्णाकाठी हे वारंवार होणार. म्हणून पावसाळी दिवसांसाठी वेगळी रीत ठरवली : साडेचारला काही खायचे नाही आणि टोचायचेही नाही, सराव होणार हे नक्की झाल्यावर मैदानावरच एक लहान केळे, म्हणजे साधारण २० ग्रॅम कर्बोदके, इन्सुलिनशिवाय खायचे आणि उरलेले खाणे घरी आल्यावर मात्रेसह घ्यायचे.

१८ जुलै

काल आषाढी एकादशी होती. तिला उपवास करू दिला नाही, पण घरात केलेली साबुदाण्याची खिचडी तिने खाल्ली. पन्नास ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ४३ ग्रॅम कर्बोदके असतात, त्याप्रमाणे मात्राही घेतली. तिथे चूक नव्हती. चूक रात्री झाली. घरी भजन होते, माणसे होती, आणि नऊ वाजताचे ग्लार्जिन घ्यायचे राहून गेले. सकाळी साखर २६८ आली तेव्हा आम्ही सर्वांनी खिचडीवर ठपका ठेवला, थोडे अस्पार्ट दिले आणि तिला शाळेत पाठवले. आदल्या रात्रीच्या इंजेक्शनची चौकशी मी केली नाही.

साडेचारला शाळेच्या दारात मी उभी होते. साखर ३१८ आणि लघवीच्या पट्टीवर किटोनचा रंग स्पष्ट. मुलीचे म्हणणे होते की दोन फेऱ्या मारल्या की साखर उतरेल, आणि असे मानणारे अनेक जण मी पाहिले आहेत. पण अंगात इन्सुलिनच नसेल तर पळण्याने साखर उतरत नाही, वाढते. श्रमाची हाक ऐकून यकृत साखर ओतत राहते, ती पुरेशी वापरली जात नाही, आणि शरीर चरबी जाळून किटोन आणखी वाढवते. मळमळ, धाप आणि पोटदुखी या वाटेने प्रकरण अतिदक्षता विभागापर्यंत जाऊ शकते. मैदानावर न थांबता डॉक्टरांना दूरध्वनी केला, त्यांच्या सांगण्यानुसार इन्सुलिन आणि भरपूर पाणी दिले, दर दोन तासांनी तपासत राहिलो आणि रात्री अकराला किटोन नाहीसे झाले. आजपासून ग्लार्जिन घेतल्यावर वहीत खूण केल्याशिवाय झोपायचे नाही.

२७ जुलै

पहाटेचे चार वाजले आहेत आणि आता झोप येणार नाही म्हणून लिहीत बसले आहे.

काल शुक्रवारी शाळेच्या सभागृहात मॅटवर अडीच तास सराव झाला. सरांनी नऊ मिनिटांच्या पाळ्या लावून आक्रमण आणि संरक्षण दोन्ही करून घेतले. शेवटी साखर १३२, म्हणजे मनासारखी. रात्री दोन भाकऱ्यांना नेहमीप्रमाणे ५ युनिटे, नऊला ग्लार्जिनची १८, झोपताना १२६. हा आकडा पाहून मी निश्चिंत झाले होते. पावणेतीनला उठले तेव्हा तिचा सदरा मानेपासून पाठीपर्यंत घामाने भिजलेला होता आणि ती गाढ झोपेत होती. साखर ५६. हाका मारल्यावर उठली, तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून घेतले, पंधरा मिनिटांनी ७१, मग दूध आणि दोन बिस्किटे. ती पुन्हा झोपली. मी तिच्या उशाशी बसून राहिले.

दिवसा अशी साखर उतरली असती तर तिला थरथर जाणवली असती, ओठ बधिर झाले असते, भूक लागली असती. झोपेत अ‍ॅड्रिनॅलिन या सावध करणाऱ्या संप्रेरकाचा प्रतिसाद मंद असतो, त्यामुळे जाग येईलच याचा भरवसा नसतो. आणि पळण्याने जे स्नायू रिकामे होतात ते आपला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा रात्रभर भरून काढत असतात. इन्सुलिनला त्यांचा प्रतिसाद वाढलेला असतो आणि हा परिणाम चोवीस तासांपर्यंतही जाणवू शकतो. किशोरवयीन मुलांमध्ये संध्याकाळच्या व्यायामानंतर साखरेची ओढ दोनदा वाढते : एकदा खेळताना आणि खेळ संपल्यावर लगेच, आणि दुसऱ्यांदा सात ते अकरा तासांनी. सराव साडेसातला संपला होता. पावणेतीन म्हणजे सव्वासात तास. मी मैदानावरच्या दीड तासाचा हिशोब करीत होते, आणि खरा धोका रात्री घरात, पांघरुणाखाली होता.

२ ऑगस्ट

डॉक्टरांच्या संमतीने जड सरावाच्या दिवसासाठी तीन बदल केले. रात्रीच्या जेवणाची मात्रा चतुर्थांशाने कमी, ग्लार्जिन सुमारे वीस टक्क्यांनी कमी म्हणजे १८ ऐवजी १४, आणि झोपताना साखर १२५ च्या खाली असेल तर इन्सुलिनशिवाय १५ ग्रॅम कर्बोदके. सोमवारी रात्री अडीचला ११२ आली, पण सकाळी १९६. चार युनिटांची कपात तिला जास्त होत होती. आज १५ घेतली आहेत. हलक्या सरावाच्या दिवशी पूर्ण १८.

ग्लार्जिनऐवजी दोन दिवसांपर्यंत टिकणारे डेग्लुडेक घेणाऱ्यांना एका रात्रीपुरती अशी कपात उपयोगी पडत नाही. त्याचा परिणाम फार हळू पालटतो. हे अशासाठी लिहिते की या वहीतील आकडे माझ्या मुलीच्या शरीराचे आहेत, ते दुसऱ्या कोणी आपल्या मुलाला जसेच्या तसे लावू नयेत.

आज तिने विचारले, “आई, वही माझ्या दप्तरात राहू दे का?” दिली.

११ ऑगस्ट

आजची नोंद सासूबाईंची आहे, कारण वही पाहून त्यांनीच आपली साखर तपासायला सांगितली. त्या ७१ वर्षांच्या असून त्यांना टाइप २ मधुमेह आहे. सकाळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या घेऊन त्या नदीकाठी तासभर चालतात आणि परत आल्यावर नाश्ता करतात. आज चालून आल्यावर ६४ निघाली. “रोजच असे गळून गेल्यासारखे होते, मला वाटायचे वयामुळे होते,” असे त्या म्हणाल्या, आणि मला अपराधी वाटले, कारण मी नातीच्या पाच वेळा तपासत होते आणि त्यांच्या एकदाही नाही.

केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर चालण्याने सहसा धोकादायक उतरत नाही. ग्लिमेपिराइड मात्र पोट रिकामे आहे की भरलेले हे न पाहता स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, म्हणून ती गोळी खाण्याबरोबर घ्यायची असते. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी नाश्त्याबरोबर करून दिली आणि एका तासाऐवजी तिन्ही खाण्यांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालायला सांगितले. चपलांऐवजी बंद, मऊ बूट घ्यायचे आणि रोज रात्री तळपाय आरशात पाहायचे, कारण दीर्घकाळच्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते आणि फोड कळत नाही.

१७ ऑगस्ट

सरांनी स्वतःहून सरावाचा क्रम बदलला. आजवर आधी फेऱ्या, मग बैठका आणि उड्या, आणि शेवटी खेळ असा क्रम होता. ताकदीचा व्यायाम आधी आणि संथ पळणे नंतर केले तर साखर कमी उतरते, हे मी त्यांना दाखवले होते. ते म्हणाले, “मॅडम, क्रम बदलल्याने माझ्या संघाचे काही बिघडत नाही. मग एका मुलीसाठी का होईना, बदलू या.” त्यांच्या या वाक्याचे मोल मला शब्दांत सांगता येत नाही.

आता बैठका, उड्या आणि खांबावर वळण्याचा सराव आधी होतो, फेऱ्या नंतर होतात आणि अगदी शेवटी दहा सेकंदांची एक जीव तोडून धाव असते. त्या अल्प धावेने अ‍ॅड्रिनॅलिन वाढते, यकृत साखर सोडते आणि खेळानंतरची पहिली घसरण काही काळ थोपवली जाते. तीन सरावांत घसरण अनुक्रमे ३८, ४४ आणि ३५ आली. जुन्या क्रमाने ती ७५ च्या आसपास असे. तीन दिवसांवरून मोठा निष्कर्ष काढणार नाही, आणि या उपायाने रात्रीची घसरण थांबत नाही हेही लक्षात ठेवले आहे.

२३ ऑगस्ट

दोन आठवड्यांसाठी दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर लावला होता. नवव्या दिवशी गडी बाद करताना समोरच्या मुलीचा हात त्यावर पडला आणि तो निघून आला. पुढच्या वेळी वरून क्रेप बँडेज.

पण तो होता तोवर एक महत्त्वाची गोष्ट समजली. सेन्सर १४२ आणि साखर उतरत असल्याचा खाली वळलेला बाण दाखवत असताना बोटातील रक्तात ११० होती. सेन्सर रक्तातील नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातील साखर मोजतो. ती रक्ताच्या काही मिनिटे मागे असते आणि पळताना साखर वेगाने उतरत असली की हे अंतर वाढते. म्हणून खेळताना बाण खाली असेल तर १०० या आकड्यालाच ग्लुकोज घ्यायचे, ७० ची वाट पाहायची नाही, आणि शंका आली की बोट टोचायचे.

१ सप्टेंबर

शेजारच्या गावाशी मैत्रीपूर्ण सामना. सकाळी पोहे खाऊन ४ ऐवजी ३ युनिटे, सामन्याआधी १५१. पहिला डाव संपला तेव्हा २७४, आणि सव्वाअकराला सामना संपला तेव्हा २८८. सराव आणि सामना यांत इतका फरक असेल याची मला कल्पना नव्हती. सरावात तिच्या मनावर भार नसतो. सामन्यात छाती धडधडते, प्रत्येक खो ही काही सेकंदांची पूर्ण ताकदीची धाव असते आणि अ‍ॅड्रिनॅलिन यकृताकडून साखर काढत राहते.

किटोन नव्हते. मी हिशोबाने ३ युनिटे दिली आणि पाऊण वाजता साखर ६६ झाली. हिशोब कागदावर बरोबर होता, वेळ चुकीची होती. अशी वाढलेली साखर खेळ संपल्यावर तासा-दोन तासांत बरीचशी आपोआप खाली येते, त्यात माझी पूर्ण मात्रा आणि थकलेल्या स्नायूंची ओढ मिळाली. यापुढे सामन्यानंतर किटोन पाहून पाऊण तास थांबायचे आणि तरीही २५० च्या वर असेल तरच निम्मी दुरुस्ती.

९ सप्टेंबर

गणपतीमुळे चार दिवस सराव नाही. घरच्या मापाने एका उकडीच्या मोदकात २५ ग्रॅम कर्बोदके भरली. तिने दोन खाल्ले आणि ४ युनिटे घेतली. पण सकाळची साखर रोज थोडी वर सरकते आहे, आज १७१. व्यायामामुळे इन्सुलिनला मिळणारा वाढीव प्रतिसाद दोन-तीन दिवसांत ओसरतो, हे इतक्या स्वच्छपणे पहिल्यांदाच दिसले. उद्या गौरी येतील, तरी संध्याकाळी अर्धा तास दोरीवरच्या उड्या.

२० सप्टेंबर

तालुका स्पर्धा. तिसऱ्या तुकडीत ती संरक्षणाला उतरली आणि दोन मिनिटे दहा सेकंद पळाली. संघ उपांत्य सामन्यात दोन गुणांनी हरला. सामन्याआधी १४८, पहिल्या डावानंतर २३९, शेवटी २५७, किटोन नाहीत. पाऊण तास आम्ही झाडाखाली बसून राहिलो. माझा हात इन्सुलिनच्या पेनाकडे जात होता आणि ती म्हणत होती, “थांब आई, अजून सत्तावीस मिनिटे.” त्यानंतर २०४. दुरुस्ती दिली नाही. दुपारच्या जेवणाची मात्रा चतुर्थांशाने कमी, रात्री ग्लार्जिन १५, झोपताना ११९ म्हणून पेलाभर दूध आणि एक बिस्कीट.

रात्री अडीचला गजर झाला आणि मी तिच्या खोलीत गेले तर दिवा चालू होता. वही उघडी होती आणि तिच्या अक्षरात लिहिलेले होते : २.२०, साखर १०४, घाम नाही, काही खाल्ले नाही. पावणेपाचला पुन्हा तपासली, १११. उद्या सराव नाही, तेव्हा रात्री ग्लार्जिन पुन्हा १८.